आधी गोळी ठरव, मग नळी

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू मूळचा गडहिंग्लजचा, सहा वर्षं झाली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डेअरी फार्मवर आहेस. तिथल्या मालकाकडून जुनी रेमिंग्टन ७०० रायफल घेतलीस, काडतूस ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम. मालकाच्या आणि तुझ्या मिळून चौदाशेच्या आसपास गोळ्या झाल्यात. पूर्वी शंभर मीटरवर इंचात बसणारा ग्रुप, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पसारा, आता तीन इंचांवर गेलाय. डोंगरात लाल हरणामागे जायचं, कधी पाचशे-सहाशे मीटरवरून नेम धरायचा, म्हणून नवी नळी टाकायची आहे. स्टेनलेस घेऊ की साधी, लांबी किती, जाडी किती, पीळ किती, असं विचारलंयस. आणि शेवटी हळूच एक ओळ सोडलीयस: दिवाळीला कोल्हापुरात येणारच आहे, तर काका, उद्यमनगरात एखाद्या चांगल्या टर्नरकडून नळी होईल का?

शेवटच्या ओळीचं उत्तर पहिल्यांदा देतो. नाही. आपल्या शिवाजी उद्यमनगरातल्या माणसांच्या हाताबद्दल मला तिळमात्र शंका नाही; नुसत्या बोटाने चाचपून दोन थाऊंचा, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांचा, फरक सांगणारे मिस्त्री मी पाहिलेत. पण आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात रायफलीचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. परवान्याशिवाय नळी बनवणं हा गुन्हा, जवळ बाळगणं हाही गुन्हा. जुन्या नळीचा कापलेला तुकडा आठवण म्हणून सुद्धा बॅगेत टाकू नकोस. कायदा बाजूला ठेवला तरी ह्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला ६१,००० पौंडांपर्यंत जातो आणि त्या वेळी तुझा गाल त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो. सळई कुठल्या भट्टीतली, तिला पाणी कसं दिलं, आतून तडा आहे का, हे कागदावर लिहून देणारा माणूसच नळी बनवणारा असावा.

दुसरं, इथे वाचणाऱ्यांसाठी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. दाजीपूरचं रान एके काळी संस्थानचं शिकारीचं राखीव जंगल होतं, १९५८ ला त्याचं अभयारण्य झालं, तो विषय तिथेच संपला. न्यूझीलंडला हरणं मूळची नाहीत, बाहेरून आणून सोडलेली आहेत. ती वाढली की जंगल खातात, म्हणून तिथे परवाना असलेल्या माणसाने शिकार करणं रीतीचं आहे. मी स्वतः शिकारी नाही. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर (शस्त्रं नीट ठेवणारा कारागीर) होतो, निवृत्त झाल्यापासून इथल्या नेमबाज पोरांच्या रायफलींची दुखणी बघतो. हरीण कुठे उभं राहील हे मला विचारू नकोस. नळीचं विचार.

आता मुद्दा. नळी खरंच गेली आहे का?

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक रायफल ग्रुपच धरत नव्हती. गेज घातला, साफ केली, पुन्हा मारून बघितली, तेच. मी ती कंडेम करायच्या कागदावर चढवली. आमच्या उस्तादांनी कागद बघितला, काही बोलले नाहीत. खिशातून कानात घालायचा कापूस काढला आणि नळीच्या तोंडाशी, आतल्या काठावरून अलगद गोल फिरवला. एका जागी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. तेवढंच. तिथे काठाला बारीक चीर होती, कुणीतरी साफ करताना रॉड आपटला असणार. गोळी नळीतून सुटते तेव्हा मागचा वायू सगळीकडून एकसारखा निसटला पाहिजे. एका बाजूने आधी निसटला की गोळीच्या बुडाला धक्का बसतो आणि ती डुलत जाते. तोंड नीट केलं आणि ती रायफल पुढे कित्येक वर्षं चालली. मी मात्र महिनाभर उस्तादांसमोर मान वर केली नाही.

म्हणून आधी कापूस फिरव. मग दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू टॉर्क रेंचने तपास. 'नळी गेली' म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची खरं तर माउंटची पकड गेलेली असते. दस्त्याचे दोन्ही स्क्रू बघ. दस्ता आणि नळी यांच्यामधून एक नोट दुमडून सरकव, ती चेंबरच्या (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीच्या) जवळपर्यंत कुठेही न अडकता गेली पाहिजे. लाकडी दस्ता असेल तर ओलाव्याने फुगून एका बाजूने नळीला टेकलेला असू शकतो. त्यानंतर तांबं काढणारं औषध आणि कार्बन काढणारं औषध, दोन्हींनी नळी नीट साफ कर. मॅग्नम काडतुसात चेंबरच्या पुढ्यात कार्बनचं कडं बसतं, ते दगडासारखं होतं, आणि नुसत्या चिंध्या ओढून निघत नाही. एवढं करून वेगळ्या लॉटची काडतुसं मारून बघ.

तू म्हणतोस हे सगळं केलंस, आणि बोअरस्कोपचा व्हिडिओही पाठवलायस. बघितला. मग मात्र शंका उरत नाही. चेंबर संपून खाचा (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या पिळदार चरी) सुरू होतात तिथून पुढे बोटभर जागेत पोलादाला जाळीदार भेगा पडल्यात. मे महिन्यात पंचगंगेकाठचा गाळ सुकून तडकतो ना, अगदी तसं. खाचांच्या कडा तिथे दिसतच नाहीत, पुढे कुठेतरी हळूहळू उगवतात. आपण म्हणतो सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे उलटं आहे. सुंभ जागेवर आहे, पीळ जळून गेला.

आपल्या इथल्या पोरांना हे पटत नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पडून नेमबाजीची) विश्वविजेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं, त्या सगळ्या .२२ च्या रायफली. त्यांच्या काडतुसात चिमूटभर दारू, दाब २४,००० पौंडांच्या आत, गोळी शिशाची. तसली नळी पन्नास-पन्नास हजार गोळ्या मारूनही नेम धरते. तुझ्या काडतुसात जवळजवळ चार ग्रॅम दारू, ती सात मिलिमीटरच्या भोकातून जळत बाहेर पडते. .३०८ विंचेस्टरमध्ये पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दारू आणि भोक थोडं मोठं, म्हणून ती नळी तीन-चार हजार गोळ्या सहज जाते. ७ मिमी मॅग्नमची चांगली नेमबाजी हजार ते पंधराशे गोळ्यांत संपते. गोळी नळीत असते सेकंदाचा हजारावा भाग, थोडा जास्त. म्हणजे तुझ्या नळीने चौदाशे गोळ्यांत मिळून जेमतेम दोन सेकंद काम केलं आणि ती म्हातारी झाली! ह्यात तुझा किंवा मालकाचा काही दोष नाही. आणि हे लक्षात ठेवलंस तर पुढची नळी निवडताना 'आयुष्यभर टिकणारी' शोधायच्या नादाला लागणार नाहीस. मॅग्नमची नळी ही ट्रॅक्टरच्या टायरसारखी, झिजली की बदलायची.

आता निवड. सगळे सुरुवात करतात कंपनीच्या नावापासून नाहीतर पोलादापासून. मी सांगतो, सुरुवात गोळीपासून कर. तू हरणावर कुठली गोळी मारणार आहेस, तिचं वजन किती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिची लांबी किती, हे ठरल्याशिवाय नळीची ऑर्डर देऊ नकोस. कारण नळीत बाकीचं सगळं थोडंफार निभावून नेता येतं. जाडी चुकली तर वजन वाहशील, लांबी जास्त झाली तर कापता येईल. पीळ चुकला तर मात्र ती नळी त्या गोळीसाठी मेलेली.

पीळ म्हणजे किती इंचांत खाच पूर्ण एक फेरा घेते ते. आठ इंचांत एक फेरा म्हणजे घट्ट पीळ, दहा इंचांत म्हणजे सैल. लांब गोळीला सरळ राहायला जास्त वेगाने फिरावं लागतं, भोवऱ्यासारखं. इथे लोक वजनाचा हिशोब करतात, पण खरा हिशोब लांबीचा आहे. तांब्याची भरीव गोळी घे, तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला शिशाच्या गोळीपेक्षा घट्ट पीळ लागतो. वजन तेच असून एक बसते आणि दुसरी लक्ष्यावर आडवी लागते, ती ह्याचमुळे.

ह्याचं एक जुनं गणित आहे, १८७९ चं, इंग्लंडमधल्या ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाचं. गोळीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. तुझ्या गोळीचा व्यास ०.२८४. समज लांबी दीड इंच. ०.२८४ चा वर्ग ०.०८०७, त्याला १५० ने गुणलं की १२.१, भागिले दीड, आलं ८.०७. म्हणजे आठ इंचांत एक फेरा. गोळीचा वेग सेकंदाला २,८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घेतात, मग उत्तर पावणेदहाच्या जवळ जातं. दोन उत्तरांत केवढं अंतर पडलं बघ. कारण हे सूत्र तोफगोळ्यांच्या काळातलं, आजच्या अणकुचीदार, मागून निमुळत्या गोळ्यांसाठी ओबडधोबड. अलीकडचं सूत्र डॉन मिलर यांचं, २००५ चं. त्यात वजन, वेग, हवेचं तापमान सगळं धरतात आणि स्थिरतेचा एक आकडा निघतो. तो दीडच्या आसपास किंवा थोडा वर आला पाहिजे. इंटरनेटवर त्याची गणकयंत्रं फुकट आहेत. फक्त आकडे घालताना तुझ्याकडच्या हिवाळी सकाळचं तापमान घाल. थंड हवा दाट असते, तिच्यात गोळी लवकर डळमळते. उन्हाळ्यात काठावर पास झालेली नळी जुलैत नापास होते. तुमचा जुलै म्हणजे हिवाळा, हे आपल्या वाचकांसाठी.

जुन्या कारखान्याच्या ७ मिमी मॅग्नमला पीळ साधारण सव्वानऊ-साडेनऊ इंचांचा असतो, कारण १९६२ ला हे काडतूस आलं तेव्हा दीडशे-पावणेदोनशे ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आखूड गोळ्याच चालायच्या. तू १६० ते १६८ ग्रेनची आधुनिक गोळी मारणार असशील तर नऊ इंच पुरेल. १७५-१८० ग्रेनची लांब गोळी किंवा तांब्याची मारणार असशील तर साडेआठ, नाहीतर सरळ आठ. माझ्या मते तू साडेआठ घ्यावास आणि १६०-१७५ च्या दरम्यान राहावंस. सहाशे मीटरपर्यंत त्याहून जड गोळीने फायदा थोडा आणि खांद्याला मार जास्त.

पीळ चुकल्याने काय होतं ह्याचा दाखला रेमिंग्टननेच घालून दिलाय. १९५५ ला त्यांनी .२४४ रेमिंग्टन काढलं, पीळ बारा इंचांचा, डोक्यात होते लहान प्राणी आणि हलक्या गोळ्या. त्याच साली विंचेस्टरचं .२४३ आलं, पीळ दहा इंचांचा. लोकांना त्याच रायफलीने हरीणही मारायचं होतं, १०० ग्रेनची गोळी घालून. विंचेस्टरची चालली, रेमिंग्टनची भरवशाची राहिली नाही. काडतूस तसं तोडीस तोड होतं, किंबहुना दारू थोडी जास्तच बसायची, पण बाजार गेला. १९६३ ला त्यांनी पीळ नऊ इंचांचा केला आणि त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन असं नवं नाव देऊन पुन्हा आणलं. तोवर गाडी निघून गेली होती.

मग सरसकट घट्टच पीळ का घेऊ नये, असं तू विचारशील. घट्ट पिळाचं नुकसान थोडं आहे, पण आहे. आम्हा फौजेतल्यांना माहीत असलेली ड्रॅगुनोव्ह ही रशियन बनावटीची स्नायपर रायफल घे. तिचा पीळ सुरुवातीला ३२० मिलिमीटरमध्ये एक फेरा असा होता. चिलखतभेदी-आगलाव्या गोळ्या नीट जाव्यात म्हणून तो पुढे २४० केला, आणि साध्या नेमबाजीच्या काडतुसाने तिचा ग्रुप पूर्वीपेक्षा पसरला. गोळी जितकी जोरात फिरते तितकी तिच्यातली घडणीची खोट उघडी पडते. म्हणून गरजेपुरता घट्ट, वर थोडी सवलत.

तुझ्या आत्ताच्या नळीचा पीळ किती हे कागदावर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून घे. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघ, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून ठेव. मूठ बेअरिंगवर फिरणारी असा क्लीनिंग रॉड घे, त्याला घट्ट बसेल अशी चिंधी लाव, मागून आत ढकल. चिंधीने खाचा धरल्या की रॉड आपोआप फिरायला लागतो. रॉडला वरच्या बाजूला एक खूण कर आणि नळीच्या मागच्या काठापाशी दुसरी. हळू ओढ, वरची खूण फिरून पुन्हा वर आली की थांब, त्या दोन जागांमधलं अंतर मोज. तीनदा कर, सरासरी घे. हा आकडा माहीत असला की आजवर कुठल्या गोळ्या का बसल्या आणि कुठल्या का नाही, हे तुझं तुलाच उलगडेल.

गोळी ठरली की घसा. घसा म्हणजे चेंबर संपल्यापासून खाचा सुरू होईपर्यंतची मोकळी जागा. इथे गनस्मिथ तुला विचारेल, किती ठेवू? 'स्टँडर्ड' म्हणून मोकळा होऊ नकोस. तुझ्या मॅगझिनची आतली लांबी मोज. त्यात सहज मावेल एवढ्या लांबीचं, तुझ्या निवडलेल्या गोळीचं, दारू आणि कॅप नसलेलं डमी काडतूस तयार करून किंवा करवून त्याला दे आणि सांग, ह्याला धरून घसा काप. नाहीतर होतं असं, की खाचांजवळ गोळी न्यावी तर काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही, मॅगझिनमध्ये मावेल असं भरावं तर गोळी खाचांपासून लांब राहते. तू दुकानातली भरलेली काडतुसंच वापरणार असशील तर मात्र प्रमाणित रीमरचंच (चेंबर कापायच्या हत्याराचंच) चेंबर घे, हौस करू नकोस.

इथेच एक मोह सुटणार आहे. नळी बदलतोच आहे तर काडतूसही बदलू का? २०२२ ला आलेलं ७ मिमी पीआरसी तुझ्या बोल्टवर बसतं, काडतुसाच्या बुडाचा व्यास तोच, गोळीही तीच, आणि चेंबर लांब गोळ्यांसाठीच आखलेलं. तुझ्या काडतुसाच्या बुडाशी जो पट्टा आहे तो १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडकडून वारशाने आलेला. त्याच्यावर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस पुढे टेकतं ती जागा यांतलं अंतर) धरलं की पितळ पट्ट्यापुढे ताणतं. पीआरसीला ती भानगड नाही, काडतूस खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या स्वतःच्या उतारावर, टेकतं. आधी फक्त मॅगझिनची लांबी तपास, ते काडतूस थोडं लांब आहे. पण तुझ्या गावच्या दुकानात, शुक्रवारी संध्याकाळी, डोंगरावर निघायच्या आधी कुठलं काडतूस मिळतं? तेच घे. शिवाय मालकाने दिलेला जुना साठा नव्या चेंबरच्या रायफलीजवळ राहता कामा नये. एकसारख्या दिसणाऱ्या दोन काडतुसांची गल्लत हा जिवाशी खेळ आहे, आणि काडतुसाचं नाव नळीवर कोरून घेतल्याशिवाय गनस्मिथकडून रायफल उचलू नकोस.

लांबी. मॅग्नमची दारू हळू जळणारी, तिला नळी लागते. चोवीस इंच ही तिची नैसर्गिक लांबी. एक इंच कापलं की सेकंदाला वीस-तीस फूट वेग जातो. तुमच्याकडे सायलेन्सर लावणं कायद्याने चालतं आणि बहुतेक सगळे लावतात, तो पुढे चार-सहा इंच वाढणार. चोवीसवर सहा म्हणजे झुडपातून चालताना भाल्यासारखी रायफल. म्हणून बावीस घे. पन्नास फूट वेग गेला तर सहाशे मीटरवर गोळी चार-पाच बोटं खाली लागेल, ते दुर्बिणीत फिरवून घेता येतं. वीसवर जाऊ नकोस; मग मॅग्नमची दारू, मॅग्नमचा दणका आणि वेग मात्र साध्या काडतुसाचा.

सायलेन्सरसाठी तोंडाला आटे लागतील. आटे नळीच्या बाहेरच्या अंगाला धरून नाही, आतल्या भोकाला डायल लावून पाडलेले हवेत. तू गडहिंग्लजचा, लेथ बघितलेला आहेस. भोक आणि बाहेरचं अंग क्वचितच एका केंद्रावर असतं, आणि आटे जरा तिरके गेले की गोळी सायलेन्सरच्या आत घासते. सात मिलिमीटरच्या भोकाला अर्ध्या इंचाचे आटे पाडून भिंत पातळ करण्यापेक्षा पाच-अष्टमांश इंच, चोवीस आट्यांचं घे, आणि नळीचं तोंड तेवढं जाड राहील असाच आकार निवड.

जाडीचं गणित सोपं आहे आणि क्रूरही. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. सरासरी १८ मिलिमीटरची नळी २२ ची केली की ती दुपटीहून ताठ होते, पण चोवीस इंचांना वजन अर्ध्या किलोहून जास्त वाढतं. रेंजवर मी म्हणेन जाड घे. तुला डोंगर चढायचाय. पन्हाळ्याची चढण रिकाम्या हाताने चढलेला माणूस 'अर्धा किलो म्हणजे काय!' म्हणून हसतो. चार तास चढून बघ म्हणावं. शिकाऱ्याला थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीशी मतलब, फार तर दुसरीशी. दहा गोळ्या ओळीने मारून तापल्यावरही ग्रुप धरणारी नळी त्याला कशाला? मधला आकार घे, ना पेन्सिल ना पहार. कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळ्या हलक्या आणि ताठ असतात, पण आत तीच पोलादाची नळी, तिचा घसा तेवढ्याच गोळ्यांत जळतो. टायर महागाचा, मैल तेवढेच.

पोलादावर लोक तासन्‌तास भांडतात, मी दोन गोष्टी सांगतो. साधी म्हणजे ४१४० जातीचं क्रोम-मॉली, स्टेनलेस म्हणजे बहुधा ४१६ आर. नेमबाजीत दोन्ही चालतात. तू रोज दुधाच्या टाक्या धुतोस, त्या ३०४ च्या; क्रोमियम १८ टक्के, निकेल ८. त्या कधी गंजत नाहीत म्हणून नळीचं स्टेनलेसही तसंच असेल अशी तुझी समजूत असेल तर काढून टाक. ४१६ मध्ये क्रोमियम बारा-तेरा टक्के आणि कापायला सोपं जावं म्हणून मुद्दाम गंधक घातलेलं. चुंबक लावून बघ, ४१६ ला चिकटतं, तुझ्या टाकीला नाही. ते गंजतं, फक्त उशिरा. तुमच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्या गगनबावड्यासारखा पाऊस, तेव्हा तू स्टेनलेसच घे, पण घरी आल्यावर तेलाची चिंधी फिरव, साध्या नळीला फिरवली असतीस तशीच.

खाचा कापून केलेल्या, बटण (खाचांचा कठीण साचा) ओढून केलेल्या की हातोडीने ठोकून, चार की पाच की सहा, ह्यात वेळ घालवू नकोस. तिन्ही पद्धतींनी उत्तम नळ्या होतात. बटणाने पोलादात ताण राहतो, तो भट्टीत घालवलेला आहे ना आणि आतून हाताने लॅपिंग, म्हणजे घासून गुळगुळीत, केलं आहे ना, एवढं विचार. तुझ्या जवळचा गनस्मिथ ज्या कंपनीच्या नळ्या वर्षानुवर्षं बसवतोय तिची घे. कारण बसवणं हे निम्मं काम आहे. अ‍ॅक्शनचं (नळी ज्यात बसते त्या भागाचं) तोंड काटकोनात आहे का, बोल्टचे दोन्ही कान टेकतात का, चेंबर भोकाच्या केंद्रावर आहे का आणि हेडस्पेस बरोबर आहे का, म्हणजे गो गेजवर बोल्ट बंद होतो आणि नो-गो गेजवर होत नाही ना. स्वतः नळी फिरवून बसवायचे व्हिडिओ तू पाहिले असशील. त्यात पडू नकोस. लेखी पावती घे, गेजचा निकाल तिच्यावर लिहून घे.

नवी नळी आली की पहिल्या दहा गोळ्यांत दोन-तीनदा साफ कर, बास. शंभर गोळ्यांचे 'ब्रेक-इन' विधी करून घसा जाळू नकोस. पहिल्या शे-दीडशे गोळ्यांत वेग थोडा वाढतो, तेव्हा लांबचे आकडे त्यानंतरच पक्के कर. सराव .२२ वर किंवा .२२३ वर कर. मॅग्नमच्या तीन गोळ्या मारल्या की नळी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत थांब, तेवढ्याने तिचं आयुष्य जितकं वाढेल तितकं महागड्या पोलादाने वाढणार नाही.

आणि सहाशे मीटरबद्दल. गोळीला तिथे पोहोचायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारं हरीण एक पाऊल पुढे टाकतं, आणि छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. जखमी जनावर दरीत उतरलं की अंधार पडेपर्यंत तुलाच शोधायचंय. सहाशेला पोहोचणारी नळी घे, पण पडून, आधार घेऊन, वारा नसताना चारशेला ज्याचा ग्रुप तळहातात बसतो त्याने पहिलं वर्ष तीनशेच्या पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

रॉडने पीळ मोज, मॅगझिनची आतली लांबी आणि निवडलेल्या गोळीची लांबी कॅलिपरने घे, तिन्ही आकडे पाठव. ऑर्डरचा कागद गनस्मिथकडे जायच्या आधी मी एकदा नजरेखालून घालतो.